पालखीचा खांदा आणि सोयाबीनची वडी

माणसाच्या दंडाचा घेर किती असावा याबद्दल शास्त्रात काही लिहून ठेवलं असेल, तर ते आमच्या घराण्यापर्यंत पोचलेलं नाही. माझा दंड साडेनऊ इंच होता. हे मी लाजत सांगत नाही, मापात खोट नको म्हणून सांगतो. लातुरातल्या एका डाळ मिलमध्ये मी सत्तावीस वर्षं मुनीम आहे आणि माझ्या सहीशिवाय तूरडाळीचं पोतं फाटकाबाहेर जात नाही. आमची रुद्राणी मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करते, त्यामुळे घरात कुणालाच सुखाने जेवू देत नाही. तिने एकदा ताटावर बसून हिशेब केला, की डाळीत शंभराला बावीस प्रथिनं, तेव्हा पप्पांच्या सहीने रोज दोन टनांच्या वर प्रथिनं बाहेर जातात. मग त्यातलं पप्पांच्या अंगाला काहीच कसं लागत नाही, असं तिने माझ्यासमोर आईला विचारलं. मंजुश्री भाकरी थापता थापता म्हणाली, सही करून कुणाला अंग येत नसतं.

दंडाची गोष्ट निघाली ती पालखीमुळे.

आमचं गाव देवणीच्या पलीकडे, जिथे निम्मे लोक घरात कानडीत भांडतात आणि बाहेर मराठीत समेट करतात. गावच्या महादेवाची पालखी शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी निघते. सागवानी पालखी, वर चांदीचा मुखवटा, चार खांदे. पुढचा उजवा खांदा आमच्या घराचा. का, कधीपासून, हे कुणाला माहीत नाही. मान असाच असतो, त्याची पावती मागितली की तो जातो. माझ्या आधी तो खांदा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा होता. अण्णा देवणीच्या बाजारात तोलारी होते. दिवसभर दुसऱ्याचं धान्य मापायचे आणि वर्षातून एकदा देव तोलायचे. चाळीस वर्षांत त्यांच्या खांद्यावर दांड्याचा घट्टा पडला, तो अजून आहे. डोळे मात्र काचबिंदूने गेले. आता शहाऐंशीचे आहेत, लातुरात यायला तयार नाहीत, सरजाबाई म्हणून एक बाई त्यांचं रांधते आणि त्यांच्या शिव्या खाते.

पालखी देवळात परतली की मी घरी जातो. अण्णा ओट्यावर बसलेले असतात. ते माझ्या सदऱ्याच्या गळ्यातून हात घालतात आणि खांदा चाचपतात. दांड्याचा वळ हाताला लागला की "हं" म्हणतात. या "हं" वर मी वर्ष काढतो.

गेल्या वर्षी कुंभारगल्लीच्या चढाला माझा खांदा बसला. महादेव कलला, मुखवटा एका बाजूला सरकला, बायकांनी तोंडाला पदर लावला. शेजारून माझा चुलतभाऊ रेवणप्पा चालला होता; तो नेहमीच शेजारून चालतो. त्याने "दादा, सरका जरा" म्हणून खांदा दिला आणि देऊळ येईपर्यंत काढला नाही. घरी आल्यावर अण्णांनी हात घातला, चाचपलं, पुन्हा चाचपलं. मग हात धोतराला पुसला आणि म्हणाले, "जेवून घे."

एवढंच. माणूस शिवी दिली तर विसरतो.

हाडाच्या डॉक्टरांना खांदा दाखवला. त्यांनी फोटो काढून उजेडात धरला आणि सांगितलं की हाड उत्तम आहे, हाडावर काही नाही हा प्रश्न आहे. पन्नाशीनंतर मांस आपोआप उतरतं. आठवड्यातून तीनदा वजन उचला आणि उचलल्यावर तासा-दोन तासांत पंचवीस ग्रॅम प्रथिनं पोटात जाऊ द्या. मी म्हणालो, आम्ही लिंगायत, अंडंसुद्धा नाही, आणि दूध मला सोसत नाही. ते म्हणाले, डाळी, हरभरा, सोयाबीन पुरेसं खा, स्नायूला जात कळत नाही. हे वाक्य मी घरी सांगितलं. मंजुश्री म्हणाली, स्नायूला कळत नसेल, गावाला कळतं. ती चुकीचं क्वचित बोलते, म्हणून तिचं कुणी ऐकत नाही.

आमच्या कॉलनीच्या बागेत सरकारी निधीतून ओपन जिम बसवलं आहे. ते दोन वर्षं ताडपत्रीखाली आहे, कारण उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांची तारीख मिळत नाही. मी कार्यालयात जाऊन विचारलं. तिथल्या साहेबांनी फाइल वाचून सांगितलं, वापरायला हरकत नाही, पण ताडपत्री काढता येणार नाही. मी तीन दिवस ताडपत्रीत शिरून व्यायाम केला. चौथ्या दिवशी कॉलनीतल्या कुत्र्यांनी, बहुधा डुक्कर समजून, ताडपत्रीला वेढा घातला. तो मार्ग तिथे संपला.

मग पैसे भरून जिम लावलं. ते हदगावच्या बालाजी नावाच्या पैलवान गड्याचं. पहिल्या दिवशी त्याने मला दारात अडवून विचारलं, "काका, पोराला सोडायला आलात का?" मी नाव नोंदवलं तेव्हा त्याने माझा दंड दोन बोटांत धरला, जसा आम्ही मिलमध्ये डाळीचा दाणा धरतो, आणि सोडून दिला, जसा आम्ही नापास दाणा सोडतो. रोज बारा अंडी, असं त्याचं मत पडलं. मी आमच्यात चालत नाही म्हणालो. तो समजुतीने म्हणाला, "पिवळं काढून टाकायचं काका. मग अंडं राहतंयच कुठं?" धर्मशास्त्राचा हा भाग मी पूर्वी ऐकला नव्हता. महिनाभर मी तिथल्या आरशांत स्वतःला चारी बाजूंनी पाहिलं आणि जाणं बंद केलं. एका बाजूने पाहिलं तरी मला पुरत होतं.

गुरू शेवटी मिलमध्येच सापडला. ज्ञानोबा हमाल पंचावन्नचा, पन्नास किलोचं पोतं असं घेतो जणू पोतंच त्याला धरून चाललंय. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, काय खातोस? तो म्हणाला भाकर. आणखी? आणखी भाकर. सोबत? "सोबत डाळ. तुमच्याच मिलची, झाडून निघालेली." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मालक, खाऊन दंड येत न्हाई. उचलून येतोय. आमी खायला मिळावं म्हणून उचलतो, तुमी उचलता यावं म्हणून खाऊन राहिलात."

मी त्याच संध्याकाळी, मिल सुटल्यावर, तीन पोती थप्पीवरून उतरवून पुन्हा थप्पीवर चढवली. दुसऱ्या दिवशी टोळीचा मुकादम माझ्या टेबलापुढे उभा राहिला आणि बिल्ला दाखवा म्हणाला. नोंदणीकृत हमालाशिवाय कुणी पोत्याला हात लावायचा नाही, हा नियम आहे. त्याने भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर त्या नियमाची सूचना होती आणि खाली माझीच सही होती. शेठजींनी लेखी खुलासा मागवला. "मी खाली सही करणार मुनीम, व्यायामाच्या हेतूने तीन पोती उचलली, त्यात हमालांची रोजी बुडवण्याचा इरादा नव्हता", असं मी लिहिलं. सत्तावीस वर्षांत माझ्या फाइलला लागलेला हा पहिला कागद. ज्ञानोबानेच तोड काढली. एका फाटक्या पोत्यात त्याने चाळीस किलो वाळू भरली, कारण वाळू हा मिलचा माल नाही आणि जो माल नाही त्याला नियम नाही. रोज संध्याकाळी ते वाळूचं पोतं उजव्या खांद्यावर घेऊन मी गोदामापासून फाटकाजवळच्या लिंबाच्या झाडापर्यंत आणि लिंबापासून गोदामापर्यंत चालू लागलो. हमाल बिडी ओढत बघायचे. मुकादम म्हणायचा, मुनीमजी, माल कुठं उतरवायचा?

घरी वहीत तीन रकाने आखले: तारीख, ग्रॅम, इंच. इंच शिवणकामाच्या टेपने, मंजुश्रीच्या देखरेखीखाली, कारण मी टेप सैल सोडतो असा तिचा आरोप होता. रुद्राणीने रोजचे ऐंशी ग्रॅम ठरवून दिले. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम भरतात. पाच वाट्या वरण आणि मोड आलेले हरभरे खाऊन मी आठ दिवस मिलमध्ये जी अवस्था भोगली तिचं वर्णन करत नाही. माझ्या टेबलाशेजारचा पंखा शेठजींनी स्वतःच्या खर्चाने बदलला एवढं सांगतो. सोयाबीन दळायला नेलं तर गिरणीवाला म्हणाला, नुसतं दळलं की जातं तेलानं बसतंय, ज्वारीत मिसळून आणा. मिसळून आणलं. त्या पिठाची भाकरी तव्यापर्यंत भाकरी म्हणून जायची आणि तव्यावर मत बदलायची.

शेवटी किराणा दुकानात सोयाबीनच्या वड्यांचं पाकीट मिळालं. शंभराला बावन्न. आकडा वाचून मला भरून आलं. मंजुश्रीने रविवारी कांदा-खोबरं भाजून, काळा मसाला घालून असा रस्सा केला की मी वहीत ग्रॅम लिहायला विसरलो.

आमच्या शेजारी शेषेराव राहतात. एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. गाड्या कुठे आहेत हे त्यांना कधी कळलं नाही, पण माणसं कुठे आहेत हे ते सांगू शकतात. दर रविवारी त्यांच्या घरी मटण असतं, म्हणून त्या वासाचे ते जाणकार. कंपाउंडवरून त्यांनी मान काढली, माझ्या ताटातल्या काळ्या रश्श्यातले तुकडे पाहिले, माझा दंड पाहिला आणि डोळा मिचकावला. मी म्हणालो, सोयाबीन आहे. ते म्हणाले, "आसंना का. मी कुणाला सांगत न्हाई." शेषेरावांनी असं म्हटलं की गोष्ट छापून आली असं समजावं. थोड्या वेळाने त्यांच्या घरून झाकून एक वाटी आली, बंधुभावाने, खऱ्या मटणाची. मंजुश्रीने वाटी परत केली, फाटक धुतलं आणि माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, जणू बोकड मी कापला होता.

चौथ्या दिवशी गावाहून रेवणप्पाचा फोन आला. त्याने तब्येत विचारली, शेठजींची विचारली, रुद्राणीच्या अभ्यासाची विचारली. एवढी चौकशी तो फक्त वाटणीच्या वेळी करतो. मग म्हणाला, "दादा, गावात लोक काहीबाही बोलून राहिलेत. मी म्हणलं, दादा तसलं खाणार न्हाईत. पर लोकांचं म्हणणं, दंड कसा काय आला मग?"

पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या दंडाची दखल घेतली होती, आणि ती आरोपपत्रात.

शिवरात्रीला पंधरा दिवस होते. देवस्थान समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब यांनी निरोप पाठवला, की मटण खाणाऱ्याच्या खांद्यावर महादेव द्यायचा का, हा प्रश्न समितीपुढे आला आहे, तरी येऊन खुलासा करावा. चार महिन्यांत हा माझा दुसरा खुलासा. अण्णांच्या कानावर हे घालायचं नाही, एवढी एकच विनंती मी केली. आंधळ्या माणसाला बातमीपासून वाचवणं सोपं नसतं. त्याला दुसरं काही करायला नसतं.

वड्यांची चार पाकिटं आणि मंजुश्री यांना घेऊन मी आप्पासाहेबांच्या परसात हजर झालो. समितीचे सात जण घोंगडीवर बसले होते. पाकीट हातोहात फिरलं. मी हिरवा ठिपका दाखवला. आप्पासाहेब म्हणाले, हिरवा रंग काय, छापखान्यात मिळतोय. मी सांगितलं, हे सोयाबीनच आहे, तेल काढून उरलेल्या पेंडीचं. यावर सातही जण एकमेकांकडे बघू लागले. त्या सातांच्या शिवारात मिळून चारशे पोती सोयाबीन झालं होतं आणि एकाच्याही घरात त्याचा दाणा कधी शिजला नव्हता. सोयाबीन ही विकायची वस्तू. ती माणूस खातो, हे त्यांना माझ्यावरच्या आरोपापेक्षा जास्त संशयास्पद वाटलं.

तेव्हा मंजुश्रीने तिथेच चूल मागितली. पदर खोचून तिने समितीसमोर पाकीट फोडलं, वड्या भिजवल्या, पिळल्या, आणि तोच रस्सा केला. रागात बाईचा हात मिठाला चुकतो म्हणतात. तिचा चुकला नाही. समितीने आधी एक-एक वडी खाल्ली, मग भाकरी मागवली, मग कांदा मागवला. नुसतं बघायला आलेल्या रेवणप्पाने तीनदा घेतलं. समितीतले सगळ्यात वयस्क, नेमाने लिंगपूजा करणारे एक आजोबा बोटं चाटत म्हणाले, "मटणावानीच लागतंय की."

ते त्यांना कसं ठाऊक, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. सगळे आपापल्या ताटात बघत राहिले आणि मला असं वाटलं, की त्या परसात मी एकटाच शाकाहारी आहे.

मी निर्दोष ठरलो. ठराव झाला, वाचून दाखवला गेला. मी सुपारी तोंडात टाकली आणि आप्पासाहेब पुढे बोलले. म्हणाले, आज एकाच्या खाण्यावरून वाद, उद्या दुसऱ्याच्या. खांद्यावरून भांडणं नकोत. पोरं शहरात, म्हाताऱ्यांच्यानं होत न्हाई, तर यंदापासून पालखी ट्रॉलीत ठेवू. रेवणप्पाने लगेच स्वतःचा नवा ट्रॅक्टर देऊ केला. इतका लगेच, की ट्रॉली त्याने आधीच धुवून ठेवली असावी. मी विचारलं, आणि आमच्या खांद्याचा मान?

"मान तुमचाच हाय दादा," रेवणप्पा म्हणाला. "तुमी ट्रॅक्टरच्या म्होरं चाला. उजव्या बाजूनं."

परतीच्या गाडीत मंजुश्रीने माझा दंड धरून ठेवला होता. पावणेअकरा इंच. टेप सैल न सोडता.

पालखीच्या दिवशी मी नवं धोतर नेसून ट्रॅक्टरच्या पुढे, उजव्या बाजूने चाललो. मागे ट्रॉलीत महादेव, त्यांच्या शेजारी भोंगे, आणि भोंग्यांना वीज द्यायला भाड्याचा जनरेटर. लोक ट्रॅक्टरला हळदकुंकू लावत होते. कुंभारगल्लीच्या चढाला ट्रॉली अडली. एवढ्या ओझ्याला चाकं घसरू लागली, तेव्हा काहीतरी उतरवणं भाग होतं. महादेव उतरवावेत असं एकाच्याही मनात आलं नाही, आणि भोंगे बंद पडलेले पोरांना चालणार नव्हते. जनरेटर चालूच ठेवून उतरवला, दोऱ्यांनी दोन वाशांना बांधला, आणि चार खांदे हवे झाले. तीन मिळाले. रेवणप्पा ट्रॅक्टरवरून वाकून म्हणाला, "दादा, तुमचा खांदा तयार हाय. पुढचा उजवा लावा जरा."

मी लावला. का लावला, याचा खुलासा माझ्याकडे नाही. तो तिसरा झाला असता. वासा खांद्यात रुतला, जनरेटरचं डिझेल हिंदकळून मानेवरून ओघळलं, आणि मी पाऊल उचललं. गेल्या वर्षी जिथे खांदा बसला होता ती जागा आली. ती गेली. चार महिन्यांची वाळू, वरण, वड्या, सगळं त्या चढावर एका दमात वसूल झालं. खांदा तसूभर खाली आला नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगायचं तर दहा पावलांपुरतं मला फार बरं वाटलं. मग मागे वळून पाहिलं. महादेव मोकळ्या झालेल्या ट्रॉलीत बसून, हलक्या अंगाने, माझ्या मागून चढ चढत होते.

घरी गेलो तेव्हा अण्णा ओट्यावर होते. ट्रॅक्टरचा आवाज त्यांनी ऐकला होता, पण तो वाजंत्रीसाठी असतो, असं सरजाबाईने मीच सांगितल्याप्रमाणे त्यांना सांगितलं होतं. मी मान वाकवली. त्यांचा हात सदऱ्यात आला. वळ बोटाएवढा जाड उठला होता. हात त्यावर थांबला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरला, मग खाली दंडावर आला आणि दंड दाबून पाहिला.

"कुंभारगल्लीला?" त्यांनी विचारलं.

"एका दमात, अण्णा."

"टेकला न्हाईस."

"न्हाई."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी "हं" ची वाट बघत होतो. अण्णांनी हात बाहेर काढला आणि सवयीने धोतराला पुसायला नेला. मधेच थांबून तो नाकाशी धरला. डिझेल अजून वाळलं नव्हतं.

आमच्या धंद्यात एक शेरा आहे. गाडी काट्यावर येते, वजन बिल्टीशी, म्हणजे मालाच्या पावतीशी, जुळतं, पण पोतं फोडलं की आत लिहिलेला जिन्नस नसतो. तो शेरा मला अण्णांनीच शिकवला, देवणीच्या बाजारात, मी नोकरीला लागायच्या आधी.

"वजन बरोबर हाय," अण्णा म्हणाले. "माल दुसरा हाय."

या शेऱ्यावर गाडी परत पाठवतात. मला पाठवायला त्यांच्याकडे दुसरी जागा नव्हती. त्यांनी आत हाक मारून सरजाबाईला पान वाढायला सांगितलं. वाढणं आलं, ज्वारीची भाकरी आणि वरण. मी त्यांच्या शेजारी बसून जेवलो आणि किती वाट्या झाल्या ते मोजलं नाही.